मोरी कोणाची

पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर मी अठ्ठावीस वर्षं काढली. आलेला कागद घ्यायचा, त्यावर शिक्का मारायचा, नोंदवहीत नंबर टाकायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलाकडं पाठवायचा, एवढंच काम. अर्ज देणाऱ्याच्या दुसऱ्या प्रतीवरही तोच शिक्का मारून द्यायचा. तिला पोच म्हणतात. पोच मिळाली की माणसाच्या चेहऱ्यावरचा अर्धा ताण उतरायचा, आणि तो उतरलेला पाहून मलाही बरं वाटायचं. त्या कागदाचं पुढं काय होतं हे बघणं माझ्या कामात नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मुलानं केडगावच्या फ्लॅटवर राहायला बोलावलं. तिथं आम्हा नवराबायकोचा जीव रमेना, म्हणून आम्ही वस्तीवर परत आलो. वस्ती गावापासून दीडेक किलोमीटरवर आहे. मधे ओढा आहे आणि ओढ्यावर मोरी. आम्ही तिला पूल म्हणतो, पण सरकारी कागदात ती मोरीच. आमच्या लहानपणी या रस्त्यानं बैलगाड्या जायच्या. आता शिर्डीहून शनिशिंगणापूरला निघालेल्या गाड्यांना मोबाईल हा जवळचा रस्ता दाखवतो आणि शनिवारी त्यांची रांग लागते. कारखाना सुरू झाला की त्यात उसाच्या डबल ट्रॉल्यांची भर.

त्या जानेवारीत अशीच एक ट्रॉली जात असताना मोरीचा डाव्या बाजूचा स्लॅब खाली बसला. ट्रॅक्टर पार झाला होता. मागची ट्रॉली कलली आणि थोडा ऊस ओढ्यात गेला, पण कुणाला लागलं नाही. लोकांनी भगदाडावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, वर लाल साडीचा तुकडा बांधला आणि उजव्या बाजूनं वाहतूक चालू केली.

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी हुरूप आला. निवृत्तीनंतर पहिल्यांदा माझ्या ओळखीचं काम समोर आलं होतं. अर्ज कसा लिहायचा, कुणाला लिहायचा, खाली कुणाकुणाला प्रत माहितीसाठी लावायची, हे माझ्याइतकं वस्तीवर कुणाला ठाऊक होतं? मी बसून स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला, मोरीचे चार फोटो जोडले, वस्तीवरच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि बांधकामाच्या उपविभागात नेऊन दिला. पंधरा दिवसांत माणसं येतील, असं घरी येऊन सांगितलं.

दीड महिना कुणी आलं नाही. मग मीच गेलो. तिथला अभियंता तरुण होता, बोलायला चांगला. त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि रस्त्यांची यादी माझ्यासमोर ठेवली. यादीत आमचा रस्ता होता, पण ओढ्याच्या अलीकडं संपत होता आणि ओढ्याच्या पलीकडून दुसऱ्या क्रमांकानं सुरू होत होता. मधली मोरी कुठंच नव्हती.

"काका, मोरी आमच्या यादीत नाही," तो म्हणाला. "जी यादीतच नाही, ती मोडली असं मी कसं लिहू?"

त्याचं म्हणणं असं पडलं की मोरी पाटबंधारे खात्यानं कालव्याची चारी काढताना बांधली असणार, म्हणून तिकडं विचारा. मी पाटबंधाऱ्यात गेलो. तिथं दोन खेपांनंतर उत्तर मिळालं की मोरी आम्हीच बांधली होती, पण रस्त्यासकट ती फार पूर्वी हस्तांतरित केली आहे. त्या पत्राचा जावक क्रमांकही त्यांनी मला एका चिठ्ठीवर लिहून दिला. तो घेऊन मी परत बांधकामात आलो. त्यांनी आवक नोंदवही उघडून दाखवली. तसं पत्र त्यांच्याकडं आलेलंच नव्हतं. एका कार्यालयातून पत्र निघालं आणि तीन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या कार्यालयात पोचलं नाही, आणि एवढ्या वर्षांत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण मोरी मोडेपर्यंत कुणाला तिची गरज नव्हती.

ग्रामपंचायतीत विचारलं तर ग्रामसेवकाकडं तीन गावं. तो मंगळवारी यायचा, तेही मीटिंग नसली तर. एवढं मोठं काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नाही, असं तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. मग मी आमच्या गटातून पूर्वी जिल्हा परिषदेवर निवडून गेलेल्या सदस्याकडं गेलो. मुदत संपून काही वर्षं झाली होती, पुढची निवडणूक झालेली नव्हती आणि जिथं सदस्य बसायचे तिथं प्रशासक बसत होता. त्या माजी सदस्यानं मला चहा पाजला.

"भाऊसाहेब, मला कशाला इचारता? मी बी आता तुमच्यासारखा मतदारच हाय," तो म्हणाला. तेही खरंच होतं. जो तो मला खरंच सांगत होता, आणि त्यामुळंच मला भांडायला कुणी सापडत नव्हतं.

असं करता करता जून आला.

आमच्या घराला लागूनच भाभींचं घर आहे. आमच्या वस्तीवर मुसलमानांचं ते एकच घर, आणि आमची भिंत सामाईक. नवरा गेल्यापासून भाभींनी शिवणकामावर घर चालवलं. आसपासच्या तीन शाळांचे गणवेश त्या शिवायच्या. शाळा उघडायच्या आधीचे पंधरा दिवस त्यांचं मशीन पहाटेपासून चालू असायचं, आणि त्याच्या आवाजावर माझी बायको चहाचं आधण ठेवायची. शिवून झालेले कपडे त्या स्वतः स्कूटीवर बांधून पोचवायच्या. कुणावर अवलंबून राहणं त्यांना आवडायचं नाही.

शाळा उघडायच्या दोन दिवस आधी, दुपारी, त्या गठ्ठा घेऊन निघाल्या. मोरीवर समोरून भाविकांची गाडी जोरात आली. भाभींनी स्कूटी डावीकडं घेतली आणि फांद्यांसकट खाली गेल्या. गाडीतली माणसं चांगली होती. तीच ओढ्यात उतरली, त्यांनीच भाभींना उचललं आणि नगरच्या दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा ओढ्याच्या चिखलात निळ्या चड्ड्या आणि पांढरे शर्ट पसरलेले होते. माझ्या बायकोनं आणि मी ते एकेक करून गोळा केले. सगळे धुतले, पण पांढऱ्यावरचे डाग गेले नाहीत.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. आत धातूची पट्टी टाकावी लागली. डॉक्टर म्हणाले, हात चालेल, पण पहिल्यासारखा वळणार नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, ते त्यांना कळलं की नाही कोण जाणे. भाभींना कळलं.

आठवडाभरानं मी नवा अर्ज लिहिला, या वेळी अपघाताचा उल्लेख करून, आणि त्यांच्या सहीसाठी शेजारी गेलो. उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. डाव्या हातानं अंगठा देते म्हणाल्या. देण्याआधी त्यांनी सुनेला लोखंडी पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढायला सांगितली. पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

"ही बी तुमीच दिलेली ना, भाऊसाहेब?"

घरकुलाच्या यादीतून नाव गळाल्याचा अर्ज होता तो. बारा वर्षांपूर्वीचा. वर माझा शिक्का होता आणि माझ्याच अक्षरात नंबर. मला आठवलं, त्या नवऱ्याबरोबर आल्या होत्या. शेजारच्या म्हणून मी त्यांना रांगेत उभं न करता आत बोलावलं होतं आणि स्वतः शिक्का मारून दिला होता. पोच जपून ठेवा, असंही सांगितलं होतं. त्यांनी जपली होती. घर अजून पत्र्याचंच होतं. मी रोज ते बघत होतो.

"मग त्याचं पुढं काय झालं?" मी विचारलं, आणि तोंडातून शब्द गेल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न त्यांनी मला विचारायला हवा होता.

त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुमाला ठावं असंल."

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरोखरच तसं वाटत आलं होतं. शेजारी राहूनही बारा वर्षांत त्यांनी तो विषय काढला नव्हता, कारण भाऊसाहेबांकडं कागद आहे म्हणजे कधीतरी होईल, अशी त्यांची समजूत होती. मला मात्र त्या कागदाचं काय झालं असणार, हे बसल्या जागी सांगता आलं असतं. यादी ज्यानं केली त्याच्याच टेबलावर, 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असं लिहून, मीच तो पाठवला असणार. यादीबद्दलची तक्रार यादी करणाऱ्याकडं. त्यानं ती फाईलला लावली असणार. अठ्ठावीस वर्षं मी हे रोज करत होतो, आणि माझं टेबल कार्यालयात सगळ्यांत स्वच्छ म्हणून दोनदा माझं कौतुकही झालं होतं.

त्यांनी अंगठा दिला. मी घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही एकट्यानं काय केलं असतं? ते बरोबर होतं. तरी जेवण गेलं नाही.

ऑगस्टमधल्या ग्रामसभेत मी मोरीचा विषय मांडला. सभेला माणसं पुरेशी नव्हती, म्हणून ग्रामसेवकानं ती तहकूब केली. अर्ध्या तासानं त्याच माणसांत, त्याच सतरंजीवर ती परत सुरू झाली, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ठराव एकमतानं झाला. उठताना मी सरपंचबाईंना म्हणालो की ठराव नुसता वर पाठवू नका, मागं लागा. त्यांनी वहीवरचं पेन बाजूला ठेवलं.

"सही मी करती भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "पण हितनं कागद गेला की कुठं जातो, ते मला कुनी सांगत न्हाई."

सप्टेंबरात मी तालुक्याच्या लोकशाही दिनाला गेलो. त्या दिवशी मोठे अधिकारी एका ओळीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात. मला टोकन मिळालं, नंबर लागला आणि मी नीट, न चिडता सगळं सांगितलं. दोन कार्यालयं, हरवलेलं पत्र, भाभींचं मनगट. मधोमध बसलेल्या साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मान हलवली. मग माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईनं दोन ओळी लिहिल्या. मला त्या उलट्या दिसत होत्या, तरी वाचता आल्या: तपासून तात्काळ कार्यवाही करावी व अर्जदारास कळवावे. असा शेरा मी किती वेळा नोंदवहीत उतरवला असेल, त्याची गणती नाही. मी विचारलं, साहेब, हे कुणी करावं, त्याचं नाव लिहाल का? ते हसले आणि म्हणाले, संबंधित करतील.

मला तिथंच काहीतरी बोलायचं होतं. पण मागं एक म्हातारा रेशनकार्ड हातात धरून उभा होता, आणि माझ्या टेबलावर रांग अडवणाऱ्या माणसाचा मला किती राग यायचा ते आठवलं. मी उठलो.

संबंधित म्हणजे तोच तरुण अभियंता. माझा अर्ज फिरून त्याच्याकडंच गेला होता. आता त्यावर हिरवी शाई होती, एवढाच फरक.

पाऊस सरला, कारखान्याचा हंगाम तोंडावर आला. उसाच्या वाहतूकदारांना मोरी हवीच होती. त्यांनी अर्जबिर्ज काही केला नाही. एका सकाळी जेसीबी आणला, भगदाडात सिमेंटचे दोन नळे टाकले, वर मुरूम दाबला आणि दुपारपर्यंत ट्रॉल्या सुरू झाल्या. मी तिथं उभा होतो. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. दहा महिने मी जे कागदानं करू बघत होतो ते त्यांनी एका सकाळीत केलं होतं. पण नळे ओढ्याच्या मानानं बारीक होते, कडेला कठडा नव्हता आणि मुरूम पुढच्या पावसापर्यंतच टिकेल, हे जेसीबीवालाच सांगत होता.

त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी अभियंता आला. दहा महिन्यांत पहिल्यांदा. त्यानं मोरीवर उभं राहून मोबाईलवर फोटो काढले, एक ट्रॉली जाताना मुद्दाम थांबून तिचाही काढला, आणि पंचनामा लिहून माझ्यापुढं सहीला धरला. 'स्थळपाहणी केली असता मोरीवरून वाहतूक सुरळीत सुरू असल्याचे आढळून आले.'

मी म्हणालो, हे काम तुम्ही केलेलं नाही, ते लिहा. तो म्हणाला, कुणी केलं हा मुद्दाच नाही, तक्रार वाहतुकीची आहे आणि वाहतूक चालू आहे. मी म्हणालो, एका बाईचा हात गेला, ते लिहा.

"काका, मी लिहीन," तो म्हणाला. "पण मग मोरी आमची होती असा अर्थ निघतो. आणि मोरी आमची नाही."

मी सही केली नाही. त्यानं 'अर्जदाराने सहीस नकार दिला' असं लिहिलं आणि गाडीत बसला. तो वाईट माणूस नव्हता. जाताना भाभींच्या तब्येतीची चौकशीही केली त्यानं. मला त्याचा राग त्याच्या वागण्यामुळं आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, याचा आला.

महिनाभर उत्तराची वाट पाहिली आणि मग तक्रारीचं काय झालं ते संगणकावर बघायला माझ्या जुन्या कार्यालयात गेलो. या वेळी भाभीही आल्या. मी नको म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, हात माझा हाय, मी यीन. माझ्या टेबलावर आता एक मुलगी बसते. मी निवृत्त होण्याआधी सहा महिने तिला मीच काम शिकवलं होतं. तिनं उठून नमस्कार केला, संगणकावर नंबर शोधला आणि पडदा माझ्याकडं वळवला. आमच्या तक्रारीपुढं हिरव्या चौकटीत लिहिलं होतं: निकाली. खाली कारण दिलं होतं, वाहतूक सुरळीत.

भाभींनी मला विचारलं, निकाली म्हंजी काय? मी म्हणालो, संपली. त्यांनी आपल्या मनगटाकडं पाहिलं. मग त्या मुलीला म्हणाल्या की आमचा दुसरा अर्ज घे. तो मी लिहून नेलाच होता, मोरी कायमची बांधण्याबद्दल आणि ती कुणाच्या मालकीची हे लेखी कळवण्याबद्दल. मुलीनं तो घेतला, नंबर टाकला, शिक्का मारला आणि पोच भाभींच्या डाव्या हातात दिली. भाभींनी ती परत टेबलावर ठेवली.

"शिक्का हाय, पोरी. पण ह्यावर तुझं नाव लिही."

मुलगी गोंधळली. तसं लिहायची पद्धत नाही, असं म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिला कधीच तसं शिकवलं नव्हतं, मी स्वतःही कधी लिहिलं नव्हतं. मी म्हणालो, लिही. तिनं पेन उचललं, क्षणभर थांबली, आतल्या केबिनकडं एक नजर टाकली आणि आद्याक्षरं तेवढी लिहिली, इतकी बारीक की मला चष्मा लावावा लागला. भाभींनी तेवढ्यावर पोच घेतली.

बाहेर आल्यावर मी ठरवलं की आता जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला जायचं. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. मधल्या दिवसांत मी सगळी कागदपत्रं क्रमानं लावली: पहिला अर्ज, जावक क्रमांकाची चिठ्ठी, ग्रामसभेचा ठराव, हिरव्या शाईच्या अर्जाची प्रत, दवाखान्याचा कागद. भाभींनी घरकुलाची जुनी पोचही त्यात घालायला सांगितली. वेगळा विषय आहे, एका अर्जात दोन विषय चालत नाहीत, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, चालत नसंल तर ते तिथंच सांगतील. मी घातली.

सोमवारी सकाळच्या एसटीनं आम्ही नगरला गेलो. गाडीच्या पाटीवर शहराचं नवं नाव होतं, कंडक्टर जुन्याच नावानं ओरडत होता. कार्यालयाच्या आवारात नेहमीची गर्दी दिसेना. सभागृहाचं दार बंद होतं आणि दारावर एक छापील कागद चिकटवलेला होता. इतकी वर्षं रखडलेल्या निवडणुका अखेर जाहीर झाल्या होत्या. आचारसंहिता लागल्यामुळं या महिन्यात लोकशाही दिन होणार नाही, नागरिकांनी नोंद घ्यावी, असं त्यावर लिहिलं होतं.

भाभींना मराठी वाचायला वेळ लागतो. त्यांनी तो कागद सावकाश, ओठ हलवत वाचला. मग मला म्हणाल्या की मतं मागायची असल्यामुळं आमचं ऐकायचं बंद केलंय, असंच ना? नियम तसा नसतो, निवडणुकीच्या काळात कुणाला फायदा होऊ नये म्हणून असतो, असं मी समजावून सांगायला लागलो. आवाज माझाच होता, पण तो मला टेबलाच्या पलीकडून आल्यासारखा वाटला. मी मधेच थांबलो.

आम्ही आवाराबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. परतीची गाडी दोन वाजता होती. संध्याकाळी वस्तीवर पोचलो तेव्हा एका उमेदवाराची जीप दारातून नुकतीच गेली होती. त्यानं माझ्या बायकोला मोरीचं काम पहिल्या महिन्यात करतो म्हणून सांगितलं होतं आणि एक चकचकीत पत्रक दिलं होतं. तिनं त्याला विचारलं होतं, मोरी कोणाच्या यादीत आहे ते तुम्हाला माहीत आहे का? तो म्हणाला होता, आई, ते आपण नंतर बघू.

भाभींचं मशीन आता सून चालवते. भाभी शेजारी बसून काज-बटणं करतात, तीही डाव्या हातानं, आणि फार वेळ लागतो. मोरीवरचा मुरूम एका बाजूनं खचायला लागलाय. आचारसंहिता उठली की मी परत जाणार आहे. फाईल मी कपाटात ठेवलेली नाही, दाराजवळच्या खुंटीला टांगलीय. भाभी येता-जाता विचारतात, उठली का? मी सांगतो, अजून नाही.